पंधरा हाडं आणि एक त्रयस्थ इसम

...आणि वर मलाच विचारतात, "मामा, पण तुम्ही नक्की कोण?" कोण म्हणजे? पाच जण बसलेले, लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला, पेल्यावर झाकण, माझ्यापुढे काही नाही, मला तर खुर्चीसुद्धा नाही, आणि मधले अध्यक्ष चष्मा कपाळावर चढवून विचारतात, तुम्ही नक्की कोण! अहो, अडतीस वर्षं त्या खोलीचं कुलूप मी उघडतोय. तेवढ्या काळात कुलपं सात झाली, विभागप्रमुख नऊ झाले, छताचा पंखा दोनदा खाली आला, माणूस तेवढा तोच राहिला. आता सत्तरी उलटल्यावर मी कोण हे मी कुठून सांगू? भल्याभल्या साधूंना ते सांगता आलं नाही, आणि त्यांच्यापुढे तर चौकशी समितीही नव्हती!

मी काही रागावलेलो नाही हं. आपला स्वभावच नाही तो. फक्त सांगतोय.

बसा, सरकून बसा, पहिल्यापासून सांगतो. रस्त्याच्या अलीकडे सरकारी विद्यापीठ आणि पलीकडे त्यांचंच मेडिकल. मधला रस्ता एवढासा, की एक ट्रक आडवा लावला तर संपला. पण तुम्हाला सांगतो, माणूस तो रस्ता ओलांडतो, कुत्रं ओलांडतं, पिसाळलेलं वारंसुद्धा ओलांडतं, फक्त कागद ओलांडत नाही! कागदाला अलीकडून पलीकडे यायला चार महिने लागतात, आणि परत जायला सहा, कारण जाताना तो जडावलेला असतो ना, सह्यांनी. तर त्या पलीकडच्या बाजूला, तळमजल्यावर, जिन्याखाली, आमची हाडांची खोली. पाटीवर 'अस्थिभांडार' लिहिलंय, पण ते वाचतं कोण? डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना पहिल्या वर्षी अभ्यासाला लाकडी पेटीतून हाडं द्यायची, वर्ष संपलं की मोजून परत घ्यायची. अर्धा माणूस न्यायचा, अर्धा माणूस आणायचा. एवढंच काम. एवढंच म्हणतो, पण करून बघा की! एक पोरगी रडत आली, मामा, बरगडी कुत्र्यानं नेली. एकानं पेटी परत केली तर त्यात गुडघ्याच्या डाव्या वाट्या तीन! म्हटलं, बाळा, हा माणूस चालत कसा होता? तर म्हणतो, "मामा, त्यात उजवी नाही का एकही?" घ्या! डावी-उजवी कळत नाही आणि उद्या हाच कुणाचा तरी पाय कापणार.

मग मी त्यांना शिकवायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण डोळ्यांदेखत अनर्थ कसा होऊ द्यायचा? वाटी टेबलावर ठेव, टोक पुढे, गुळगुळीत बाजू खाली, आणि सोड. ज्या अंगाला कलंडेल, त्या अंगाची. हाड खोटं बोलत नाही. आज गावभर मोठमोठ्या पाट्या लावून बसलेत ना डॉक्टर, त्यातल्या निम्म्यांची डावी-उजवी माझ्या टेबलावर पक्की झालीय. आणि मी? मला अक्षरओळख आहे, ती पण पाट्या वाचण्यापुरती. शाळेच्या नावानं शून्य.

तर या खोलीला एक माणूस नेमायची जागा आहे, अस्थिभांडारपाल म्हणतात. आधीचा माणूस सोडून गेला. मी तेव्हा तिथे खिडक्यांची तावदानं बसवायला आलो होतो. तेव्हाचे प्रमुख मला म्हणाले, "अरे, जागा भरेपर्यंत तेवढं बघशील का?" म्हटलं, बघतो. तावदान बसलं, मीही बसलो. माझी लेक तेव्हा एक वर्षाची होती, भिंतीला धरून उभी राहायची. आता तिला चाळिसावं संपत आलंय आणि ती जागा अजून भरतायत! माझं नाव कुठल्याच हजेरीवर नाही. पगार निघतो तो 'साफसफाई व इतर' या नावाखाली. फिनेल म्हणजे साफसफाई. मी म्हणजे इतर.

साठी झाली तेव्हा गेलो रस्ता ओलांडून, विद्यापीठाच्या कचेरीत. तिथे एक कारकून आहेत. त्यांना आम्ही आपसात परिपत्रकच म्हणतो, कारण त्यांना शिंक आली तरी आधी "परिपत्रकानुसार" म्हणतील आणि मग रुमाल काढतील. म्हटलं, साहेब, मला निवृत्त करा आता, गुडघे बोलायला लागलेत.

"नेमणुकीचं पत्र?"

"नाही."

"मग निवृत्त कशातून होणार? जो आत आलाच नाही त्याला बाहेर कसं काढायचं? परिपत्रकात तशी तरतूद नाही."

मी आलो परत. काय करता? खोलीला कुलूप लावून घरी बसलो असतो तर पोरं हाडांविना परीक्षेला गेली असती. तेव्हा परत उघडलं कुलूप. मी काही रागावलेलो नाही. पण अकरा वर्षं झाली त्याला, आणि त्या माणसाला शिंक आली की मला अजून बरं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, जागा भरत का नाहीत? अहो, भरतात की! जाहिरात काढतात. अकरा वेळा काढली. एकदा एवढं मोठं शिक्षण मागितलं की जो आला तो दोन पुस्तकं लिहिलेला विद्वान होता. खोलीत आला, कवट्यांच्या कपाटासमोर उभा राहिला, आणि असा खाली बसला की त्याला आम्ही दोघांनी उचलून बाहेर आणला. एकदा एक तरणाताठा गडी निवडला, तो सकाळी रुजू झाला आणि दुपारी जेवायला म्हणून गेला, तो अजून जेवतोय! आणि एकदा तर कमालच. आमचा विभाग क्रमांक चौदा. टंकलेखन करताना झाला एक्केचाळीस. एक्केचाळीस म्हणजे बगीचा! हाडांच्या जागेवर निवडलेला माणूस फुलझाडांकडे पोचला. तो म्हणाला, अहो, मला हाडं पाहिजेत. ते म्हणाले, आदेशात एक्केचाळीस आहे. आज तो तिथे पक्का झालाय, मुलीचं लग्न केलं, घर बांधलं, आणि मला रस्त्यात भेटला की कुंडी देऊ का विचारतो. बाकीच्या आठ वेळांचं काय सांगू, जाहिरात निघाली, मुदत वाढली, मुदत वाढून वाढून मेली.

यंदा निघाली बारावी.

आणि यंदा आमच्या लेकीनं ठरवलं, अर्ज करायचा. शिकलेली आहे हो ती, विज्ञानाची पदवी आहे. पण करते काय? औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. चौदा वर्षं. मालक बसायला स्टूल देत नाही, म्हणतो बसलेला माणूस झोपाळू दिसतो. स्वतः मात्र मालक गादीवर! संध्याकाळी घरी आली की पाय परातीत गरम पाण्यात, आणि पोटऱ्यांवरच्या शिरा अशा, निळ्या, दोरखंडासारख्या. मला म्हणाली, "बाबा, बाकी काही नको. त्या नोकरीत खुर्ची आहे ना?" म्हटलं, आहे, एक हात तुटलाय पण आहे. "बस झालं," म्हणाली. आणि जाहिरातीत वयाची अट होती चाळीस. तिला चाळीस पुरी व्हायला राहिला होता दीड महिना. म्हणजे हीच वेळ, याच्यानंतर दार बंद. आमची ही तर आतून ओरडली, "आधी अर्ज भरा, मग बापलेकीनं गप्पा मारा!"

अर्ज भरायला बसलो. म्हणजे ती बसली, मी आपला शेजारी, हिंमत द्यायला. पान अकरावर रकाना आला : उमेदवाराचा जवळचा नातेवाईक विद्यापीठाच्या सेवेत आहे काय? असल्यास उमेदवार अपात्र.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. ही स्वयंपाकघराच्या दारात, हात पुसत. म्हटलं, खोटं लिहायचं नाही. लेक म्हणाली, "पण बाबा, खरं काय आहे?" आता आली का पंचाईत! म्हटलं, चल, खरं विचारून येऊ.

गेलो रस्ता ओलांडून. परिपत्रकसाहेबांनी कपाट उघडलं, एक फाईल काढली, दुसरी काढली, जाडं रजिस्टर धूळ झटकून माझ्याच तोंडावर उघडलं, बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि म्हणाले, "या नावाचा कोणीही कर्मचारी विद्यापीठात नाही, नव्हता." नव्हता म्हणाले! माझ्या तोंडावर! मी त्यांच्यासमोर उभा, त्यांच्या पुतण्याला पहिल्या वर्षी मनगटाची आठ हाडं मी पाठ करून दिलेली, आणि म्हणे नव्हता. म्हटलं, लेखी द्या. दिलं हो, लगेच, शिक्का मारून दिलं. माझ्या असण्याचा कागद अडतीस वर्षांत निघाला नाही, नसण्याचा पाच मिनिटांत निघाला! पण मी रागावलेलो नाही. मी तर तो कागद छातीशी धरून आणला, म्हटलं, लेकीचं कल्याण होत असेल तर मी नाही तर नाही. कोण असून तरी काय उजेड पाडतंय?

तिनं लिहिलं, 'नाही'. अर्ज गेला.

आता पुढची गंमत. परीक्षा ठरली प्रत्यक्ष ओळखीची. पंधरा ताटल्या, पंधरा हाडं, उमेदवारानं नाव लिहायचं आणि डावं की उजवं ते लिहायचं. छान. पण ती हाडं मांडणार कोण? आमच्या विभागप्रमुखाची जागा पण रिकामी, तिची जाहिरात वेगळी चाललीय. कारभार दिलाय डोळ्यांच्या बाईंकडे. बाई फार चांगल्या, हात सोन्याचा, मोतीबिंदू असा काढतील की माशी उठल्यासारखं वाटेल. त्यांना डोळ्याच्या खोबणीतली सात हाडं तोंडपाठ. पण गालफडाच्या खाली उतरलं की सगळा अंधार. त्यांनी मला बोलावलं.

"मामा, परवाची हाडं तुम्ही मांडा."

म्हटलं, "बाई, तेवढं नका सांगू. माझी लेक बसलीय परीक्षेला."

"अय्या, हो का? मग दुसऱ्या कुणाला सांगू या."

"कुणाला?"

बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. मीही बघितलं. बाहेर कोण होतं? तो बगीच्यातला, झारी घेऊन. बाई म्हणाल्या, "मामा, मला तुमच्यावर विश्वास आहे." झालं. असं कुणी म्हणालं की माझी मान आपोआप हलते. सत्यानाश होवो त्या मानेचा!

त्यानंतरचे दोन दिवस मी घरात कसे काढले ते मलाच ठाऊक. लेकीशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, नजरेतून एखादं हाड निसटलं तर? जेवायला बसलो तर भिंतीकडे तोंड करून. मी आपला सहज गुडघा चोळला, म्हातारपणी दुखतो म्हणून, तर लेक किंचाळली, "बाबा! हात काढा गुडघ्यावरून! मला कळता कामा नये!" मी हात मांडीवर ठेवला. "मांडीवरूनही काढा!" मग ठेवू कुठे? ही म्हणाली, "तुम्ही त्यापेक्षा दोन दिवस हात वर करून बसा." थट्टा करा, करा. पण प्रामाणिकपणा करायचा म्हणजे किती अंग आखडतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. आणि मांडली तीही सोपी नाही मांडली मी. पोटरीचं बारीक हाड ठेवलं, ज्याची डावी-उजवी सांगताना मोठमोठे घाम पुसतात. मनगटातलं होडीसारखं ठेवलं, तेही बारकं, बाईमाणसाचं. लोक म्हणायला नकोत, बापानं सोपं दिलं. उलट मनात म्हटलं, पोरी, माफ कर, बाप वैऱ्यासारखा वागतोय.

परीक्षेला सात जण आले. त्यात एक काळ्या चष्म्याचा. खोलीत काळा चष्मा! हा म्हणे अध्यक्षांच्या साडूचा भाचा. मी घाबरून विचारलं, मग तो अपात्र नाही का? तर परिपत्रकसाहेब म्हणाले, "जवळच्या नातेवाइकांची यादी सख्ख्या साडूपाशी संपते. त्याचा भाचा त्यात येत नाही." बघा, किती विचार करून यादी करतात! त्या काळ्या चष्म्यानं हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड उचललं, उन्हात धरलं, आणि लिहिलं : बरगडी, लहान मुलाची. मी दारात उभा, ओठ चावून. बोलता येत नाही ना! पाचव्या ताटलीपाशी त्यानं टाचेचं हाड हातात घेतलं आणि मला खुणेनं विचारलं, वरची बाजू कुठली? आणि माझी लेक? ती एकेका ताटलीपाशी गेली, हाड उचललं, अंगठा फिरवला, ठेवलं, लिहिलं. शाळा सुटल्यावर रोज त्या खोलीत येऊन बसायची ती, गृहपाठ संपला की पेट्या लावायला मदत करायची. तिचा अंगठा शिकलेला आहे हो! पंधरापैकी पंधरा. डोळ्यांच्या बाईंनी उत्तरं तपासली, म्हणजे माझ्या कागदाशी ताडून पाहिली, आणि टाळीच वाजवली. काळ्या चष्म्याला दोन. ती पण कवटी आणि दात.

त्या दिवशी लेक घरी आली ती परात न मागता आली. खुर्चीत बसली. नुसती बसली. म्हणाली, "सवय करते."

आणि चौथ्या दिवशी आली तक्रार. कुणाची ते सांगायला नको. हाडं मांडणारा इसम पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराचा बाप आहे! बसली चौकशी समिती. पाच जण, पाच पेले, पाच झाकणं. बोलावलं मला.

"मामा, पण तुम्ही नक्की कोण?"

मी काही बोलायच्या आत परिपत्रकसाहेब उठले, आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा तो माणूस मला देवासारखा दिसला. म्हणाले, "साहेब, हे विद्यापीठाचे कर्मचारी नाहीत. तसा दाखला मीच दिलाय. त्यामुळे उमेदवार अपात्र ठरत नाही." आणि शिक्क्याचा कागद पुढे! मी दारातून लेकीकडे बघितलं, ती बाहेर बाकावर बसली होती. मी नुसते डोळे मिटून उघडले, की जमलं. ती हसली.

अध्यक्षांनी कागद वाचला. परत वाचला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "म्हणजे हे कर्मचारी नाहीत?"

"नाहीत साहेब."

"म्हणजे बाहेरचे?"

"बाहेरचे."

"मग बाहेरच्या माणसानं परीक्षेची हाडं मांडली? किल्ली बाहेरच्या माणसाकडे? प्रश्नपत्रिका बाहेरच्या माणसानं काढली? अहो, मग परीक्षाच रद्द!"

झालं! आतला म्हणा, तर पोरगी बाद. बाहेरचा म्हणा, तर परीक्षा बाद. आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "तुम्हीच सांगा, तुम्हाला काय म्हणून लिहायचं?" जसं काही दुकानात विचारतात, कापड निळं देऊ की पिवळं! मी हात जोडले. म्हटलं, साहेब, माझं जाऊ द्या. मी आतला नाही, बाहेरचा नाही, मला खिडकीवर बसवा हवं तर. पण परीक्षा परत घ्या. उद्या घ्या, आत्ता घ्या. हाडं तुम्ही निवडा, तुमच्या हातानं. मला कोंडून ठेवा, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधा. ती सांगेल, नुसत्या बोटांनी सांगेल. नाही सांगितलं तर आम्ही दोघं उद्यापासून या रस्त्यानं फिरकणार नाही.

डोळ्यांच्या बाई म्हणाल्या, "सर, खरंच घेऊन बघायला काय हरकत आहे?"

अध्यक्ष काय म्हणाले ऐका. पेल्यावरचं झाकण काढलं, एक घोट घेतला, झाकण परत ठेवलं, आणि म्हणाले, "बाई, प्रश्न तिला येतं की नाही हा नाहीच आहे. प्रश्न प्रक्रियेचा आहे. प्रक्रिया परत करायची तर जाहिरात परत. जाहिरात परत म्हणजे सहा महिने."

मी म्हटलं, "साहेब, तिला पंचवीस दिवसांनी चाळीस पुरी होतायत."

ते म्हणाले, "अरेरे."

तेवढंच. अरेरे! अहो, कप फुटला तरी माणूस याहून जास्त बोलतो!

मी रागावलो नाही. मी फक्त त्या पाच पेल्यांकडे बघितलं, आणि मनात आलं की एकेकाचं झाकण उचलून त्यात टाचेचं हाड सोडावं. पण सोडलं नाही. हाडं जपायची असतात.

दुसऱ्या दिवशी दोन आदेश निघाले. त्या दिवशी रस्ता ओलांडायला कागदाला चार महिने नाही लागले, सकाळी निघाले आणि दुपारी आले, धावत आले मेले! पहिला : 'एका त्रयस्थ इसमाच्या हस्तक्षेपामुळे भरती रद्द करण्यात येत आहे.' त्रयस्थ इसम म्हणजे मी. आणि दुसरा : 'नवीन जाहिरात निघेपर्यंत अस्थिभांडाराची सध्याची व्यवस्था चालू ठेवावी.' सध्याची व्यवस्था म्हणजे पण मीच! एकाच दिवशी, एकाच सहीनं, एका कागदावर मी चोर आणि दुसऱ्या कागदावर पहारेकरी. दोन्ही कागद मला दिले आणि पोच म्हणून माझी सही घेतली. केली. सही तेवढी येते ना, तोच घोटाळा.

मला वाटलं, लेक रडेल. नाही रडली. दोन्ही आदेश तिनं मोठ्यानं वाचून दाखवले, घडी केली, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सोपी हाडं मांडली असती ना, तरी हेच झालं असतं. तुम्ही उगीच दोन दिवस गुडघा चोळला नाहीत." एवढं म्हणाली आणि सोमवारी गेली दुकानात. उभी राहायला. ही आत भांडी आपटत होती. अध्यक्षांच्या नावानं एक पातेलं, साडूच्या नावानं एक, भाच्याच्या नावानं तर नवीन कढईला पोचा आला. मी काही आपटलं नाही. पण त्या रात्री... जाऊ द्या. पुरुषमाणसानं सगळं सांगायचं नसतं.

मग परवा काय झालं, मी खोलीतून निघालो, तर जिन्याशेजारच्या खिडकीवर एक अर्ज लावलेला बघितला. म्हणजे तो कायमच असतो तिथे लावलेला, पण माणूस रोजच्या भिंतीकडे बघतो थोडाच? देहदानाचा अर्ज. मेल्यावर आपलं शरीर मेडिकलला द्यायचं, पोरांच्या अभ्यासाला. मागून घेतला. एवढासा, अर्धं पान! अकरा पानं नाहीत. खिडकीत माणूस कोण? परिपत्रकसाहेब! तिथलीही जागा रिकामी, म्हणून मंगळवार-शुक्रवार ते बसतात. म्हटलं, साहेब, याला वयाची अट?

"नाही."

"शिक्षण?"

"नाही."

"अनुभव?"

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "अनुभव कोण आणणार मामा?"

"आणि ते... जवळचा नातेवाईक?"

"नातेवाईक तर पाहिजेच," म्हणाले. "जवळच्या नातेवाइकाची सही असल्याशिवाय हा अर्ज आम्ही घेतच नाही. परिपत्रक आहे तसं."

मी लेकीला दुकानातून बोलावून घेतलं. आली, तशीच, चपला हातात घेऊन, पाय सुजलेले. अर्ज वाचला आणि भडकली, "बाबा, हे काय खूळ? हे लोक तुम्हाला ओळखसुद्धा दाखवत नाहीत, आणि तुम्ही त्यांनाच देताय?" म्हटलं, अगं त्यांना कुठे देतोय, पोरांना देतोय, पोरांना डावी-उजवी यायला नको? आणि दुसरं असं बघ, घरातलं कोणीतरी एक पक्कं व्हायला नको का? ती हसली की रडली कोण जाणे, पण सही केली. नाव लिहिलं, पुढे नातं : मुलगी. त्या इमारतीत तिची सही पहिल्यांदा चालली.

परिपत्रकसाहेबांनी शिक्का मारला. एकदाच मारला, जोरात. पावती दिली. त्यावर माझं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट, आणि खाली 'स्वीकृत'. घरी आणून भिंतीला लावलीय, ही तिच्याकडे पाठ करून बसते, पण मी रोज वाचतो. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला घेतलंय हो, विनाअट, विनापरीक्षा, कायम! फक्त रुजू व्हायची तारीख तेवढी कोरी ठेवलीय... विचारलं मी, कधी यायचं? तर म्हणाले, घाई नाही मामा, तुमच्या सोयीनं या.